मनातले चित्र आणि आपले वागणे : कल्पनाशक्तीकडे धम्माच्या नजरेतून

हिरव्या चिंचेचा आकडा मिठात बुडवून दाताखाली धरला आहे, एवढे नुसते मनात आणले तरी तोंडाला पाणी सुटते. चिंच समोर नाही, मीठही नाही. आहे ते फक्त मनातले चित्र. तरीही शरीराने त्याला प्रतिसाद दिला. याच रीतीने, रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसा कोणी केलेला अपमान पुन्हा आठवला की छाती धडधडू लागते, मुठी वळतात, झोप उडते. अपमान करणारा माणूस त्याच्या घरी निवांत झोपलेला असतो. जागे असतो ते आपण.

मनात उभे राहणारे चित्र आपली मनःस्थिती कशी बदलते आणि मनःस्थितीतून वागणे कसे घडते, याचा विचार तथागत बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केला. गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने प्रयोग करून हाच प्रश्न तपासला आहे. दुसरीकडे, 'डोळे मिटा, बंगला आणि गाडी डोळ्यांसमोर आणा, ती आपोआप तुमच्याकडे येईल' असे सांगणाऱ्या शिबिरांचा आणि व्हिडिओंचा सुळसुळाट झाला आहे. त्यात आपल्या तरुणांचे पैसे जातात आणि उमेदीची वर्षेही जातात. म्हणून कल्पनाशक्तीबद्दल धम्म काय सांगतो, विज्ञानाला काय आढळले आणि रोजच्या जगण्यात तिचा योग्य उपयोग कसा करावा, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

धम्मात कल्पनेचे स्थान

मन हे सर्वांच्या पुढे चालणारे आहे, या विचाराने धम्मपदाची सुरुवात होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मनाला केंद्रस्थानी मानणे हे बुद्धांच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून सांगितले आहे.

मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात बुद्ध स्वतःचा अनुभव सांगतात. संबोधीपूर्वी त्यांनी आपल्या मनातील विचारांचे दोन भाग केले. एका बाजूला कामवासना, द्वेष आणि हिंसेचे विचार. दुसऱ्या बाजूला त्याग, अद्वेष आणि अहिंसेचे विचार. माणूस ज्या विचारात वारंवार रमतो त्याच बाजूला त्याच्या मनाचा कल होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तिथला दृष्टान्त शेतकऱ्याला चटकन पटणारा आहे. शेतात पीक उभे असताना गुराखी काठी घेऊन गुरांना आवरतो. पीक घरी आले की तो झाडाखाली बसून नुसते लक्ष ठेवतो. अकुशल विचारांना आवर घालावा लागतो, कुशल विचारांकडे फक्त सजगतेने पाहिले तरी पुरते.

त्याच निकायातील मधुपिंडिक सुत्तात 'पपंच' हा शब्द येतो. डोळ्याने रूप पाहिले, त्यातून वेदना म्हणजे सुखद किंवा दुःखद अनुभव झाला, त्याची संज्ञा झाली, त्यावर विचार सुरू झाला आणि मग विचाराला फांद्या फुटत गेल्या. ही फांद्या फुटण्याची क्रिया म्हणजे पपंच. शेजाऱ्याने आपल्याकडे पाहिले नाही, एवढीच घटना असते. 'मुद्दामच पाहिले नाही', 'त्या दिवशीच्या बोलण्याचा राग असणार', 'आता मीही बोलणार नाही' हे सगळे आपले मन रचते. संयुत्त निकायातील दोन बाणांचा दृष्टान्तही हेच सांगतो. पहिला बाण शरीराच्या दुःखाचा. त्यावर शोक करत, त्याला विरोध करत आपणच दुसरा बाण मारून घेतो, तो मनाचा.

पण बुद्धांनी कल्पनाशक्ती टाकून दिली नाही, तिला कामाला लावले. पालि भाषेतील 'भावना' या शब्दाचा अर्थ मराठीतल्यासारखा 'मनात उठणारी लहर' असा नाही. अस्तित्वात आणणे, वाढवणे, जोपासणे हा त्याचा अर्थ. मैत्री भावना म्हणजे मैत्री वाटणे नव्हे, मैत्रीची लागवड करणे.

ही लागवड कशी करायची याचे तपशीलवार वर्णन पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत रचलेल्या 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथात आहे. त्यात ध्यानाचे ४० विषय सांगितले आहेत. त्यांना कर्मस्थान म्हणतात. पृथ्वी कसिणाच्या ध्यानात साधक मातीचे एक वीत चार बोटे रुंदीचे गोल मंडल करतो आणि शांतपणे त्याकडे पाहतो. डोळे उघडे असताना दिसते तसेच ते डोळे मिटल्यावरही दिसू लागले की त्याला 'उग्गह निमित्त' म्हणतात. म्हणजे मनचित्र स्थिर करण्याची तालीम आपल्या परंपरेत दीड हजार वर्षांपूर्वी पायरीपायरीने लिहून ठेवलेली आहे. या ग्रंथाशी मराठी माणसाचे जवळचे नाते आहे. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या आचार्य धर्मानंद कोसंबींनी त्याच्या संपादनासाठी अनेक वर्षे कष्ट घेतले. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथमालेतील विशुद्धिमग्गाची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

तिबेटी परंपरेत तारा, अवलोकितेश्वर यांची रूपे बारीकसारीक तपशिलांसह मनात उभी करण्याची साधना आहे. तिथेही साधनेच्या शेवटी ते रूप शून्यतेत विरघळवून टाकले जाते. चित्र हे साधन आहे, त्याला चिकटून राहायचे नाही, ही शिस्त त्यामागे आहे.

प्रयोगांतून काय दिसले

मनातले चित्र ही केवळ बोलण्याची रीत आहे की मेंदूत खरोखर काही घडते? रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये लोकांना दोन आकृत्या दाखवल्या आणि त्या एकच आहेत का, हे विचारले. एक आकृती दुसरीच्या तुलनेत जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ लागला. जणू माणसे ती वस्तू मनातल्या मनात हातात धरून फिरवत होती.

अल्वारो पास्कुअल-लिओन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक धडा दिला. एका गटाने रोज दोन तास याप्रमाणे पाच दिवस तो वाजवला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ बोटे न हलवता फक्त मनात वाजवला. मेंदूतील बोटांच्या हालचालींशी संबंधित भागात दोन्ही गटांमध्ये सारखे बदल दिसले. वाजवण्यात मात्र प्रत्यक्ष सराव करणारे पुढे होते. मनात सराव केलेल्यांना नंतर दोन तास प्रत्यक्ष सराव मिळाला, तेव्हा त्यांनी ते अंतर झपाट्याने भरून काढले. कल्पना सरावाची जागा घेत नाही, पण सरावासाठी जमीन नांगरून ठेवते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

मनःस्थितीवर चित्राचा परिणाम शब्दांपेक्षा अधिक होतो, हेही तपासले गेले आहे. एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांच्या २००५ मधील प्रयोगात अप्रिय प्रसंगांची वर्णने ऐकवली गेली. ज्यांना तो प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगितले होते त्यांची चिंता, फक्त शब्दांच्या अर्थाचा विचार करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली. अपमानाची नुसती आठवण आणि अपमानाचे चित्र यांत हाच फरक आहे.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून मोबाइलवर विचारले की, आत्ता तुम्ही काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. भरकटलेले मन कमी आनंदी होते. मन सुखद गोष्टींकडे भरकटले असले, तरी हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा ते अधिक आनंदी नव्हते.

फळाचे चित्र आणि वाटेचे चित्र

शिबिरवाले सांगतात त्या गोष्टीची परीक्षा इथे करता येते. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना परीक्षेआधी काही दिवस रोज पाच मिनिटे कल्पना करायला सांगितले. काहींनी चांगले गुण मिळाल्याचा क्षण आणि त्याचा आनंद डोळ्यांसमोर आणला. काहींनी आपण कुठे बसून, केव्हा, कसा अभ्यास करत आहोत ते डोळ्यांसमोर आणले. अभ्यासाचे चित्र पाहणाऱ्यांनी तयारी लवकर सुरू केली, तास अधिक दिले आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. निकालाचे चित्र पाहणारे मागे पडले.

गॅब्रिएल एटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातील २५ स्त्रियांचा अभ्यास केला. आपल्याला जमेल असा विश्वास असणाऱ्यांचे वजन अधिक उतरले. पण सडपातळ झाल्याच्या गोड कल्पनांत रमणाऱ्यांचे वजन कमी उतरले. विश्वास आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळ मिळाल्याचे समाधान मनाने आधीच चाखले की शरीर उठायला तयार होत नाही.

बुद्धांनी हे कोंबडीच्या दृष्टान्ताने सांगितले आहे. कोंबडीने अंडी नीट उबवली नाहीत, तर पिले सुखरूप बाहेर यावीत अशी तिची कितीही इच्छा असली तरी ती बाहेर येणार नाहीत. नीट उबवली, तर तशी इच्छा केली नाही तरी पिले कवच फोडून बाहेर येतील. साधना न करता मुक्तीची इच्छा करणाऱ्या भिक्खूची गतही तशीच, असे संयुत्त निकायातील ते सुत्त सांगते. दुसऱ्या एका सुत्तात बुद्ध विचारतात की, तळ्यात टाकलेला दगड लोकांनी काठावर जमून हात जोडल्याने वर येईल का? कल्पनेत चमत्काराची शक्ती आहे असे सांगणाऱ्याला हा प्रश्न आजही विचारता येतो.

दुसऱ्यांनी आपल्या मनात काढलेले चित्र

मनातली सगळी चित्रे आपण स्वतः काढलेली नसतात. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि त्यासाठी पैसेही दिले. कथित उच्च जातींची ३२१ आणि कथित खालच्या जातींची ३२१ मुले त्यात होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर मुलांची नावे आणि जात उच्चारली गेली, तेव्हा कथित खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच आणि बुद्धीही तीच. फक्त समाजाने काढलेले एक चित्र त्यांच्यासमोर उभे केले गेले.

हा प्रयोग वाचताना आपल्यापैकी अनेकांना शाळेतील हजेरी, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहातली पहिली रात्र आठवेल. त्या मुलांना 'सकारात्मक विचार करा' एवढेच सांगणे अन्यायाचे ठरेल. जात पुकारणारा आवाज थांबवणे हे पहिले काम आहे. पण आत बसलेले चित्र पुसणे हेही काम आहे, आणि बाबासाहेबांनी दोन्ही कामे एकत्र केली.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत आणि तसे दागिने सोडून देण्यास सांगितले, आणि स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. नेसण्याची रीत बदलणे ही वरवर लहान गोष्ट होती. पण स्वतःकडे पाहण्याचे चित्र त्या दिवशी बदलले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हाही केवळ जुने नाकारून ते थांबले नाहीत. २२ प्रतिज्ञांमध्ये काय सोडायचे हे आहे, तसेच कसे जगायचे हेही आहे. रिकामी जागा ठेवली तर जुने चित्र परत येते, हे बाबासाहेब जाणून होते.

चांगले चित्र एखाद्या लहानशा निमित्तानेही मनात रुजते. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या पुस्तकातून मनात उतरलेली बुद्धांची प्रतिमा पुढे जवळजवळ पन्नास वर्षे वाढत गेली. पण ती वाढली ती अभ्यासाने, संघर्षाने आणि चिकित्सेने. घरात मुलांच्या हाती काय पडते, भिंतीवर कोणाची तसबीर आहे, रात्री कोणाची गोष्ट सांगितली जाते, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मैत्री भावना : रोजची तालीम

कल्पनेचा कुशल उपयोग म्हणून मैत्री भावनेचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. विशुद्धिमग्गानुसार सुरुवात स्वतःपासून होते. मग आदरणीय आणि प्रिय व्यक्ती, मग जिच्याबद्दल प्रेम किंवा राग नाही अशी व्यक्ती, आणि शेवटी वैरी. पहिल्याच दिवशी वैऱ्याचे चित्र डोळ्यांसमोर आणू नये, असे आचार्य बजावतात. तसे केले तर मैत्रीऐवजी रागाचाच सराव होतो.

सेंद्री हचरसन आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगात लोकांनी आपल्या दोन जिवलग व्यक्ती दोन्ही बाजूंना उभ्या आहेत आणि आपल्यावर माया करत आहेत अशी कल्पना केली. मग तीच माया समोरच्या छायाचित्रातील अनोळखी माणसाकडे वळवली. काही मिनिटांच्या या सरावानेही अनोळखी माणसांबद्दलची आपुलकी वाढलेली दिसली.

घरी करता येण्याजोगा सराव

रोज दहा मिनिटे पुरेशी आहेत. आम्ही पुढील क्रम सुचवतो.

१. शांत बसून काही वेळ श्वासाकडे लक्ष द्यावे. मनात जे चित्र चालू असेल त्याला नाव द्यावे : 'हा राग', 'ही काळजी', 'हे दिवास्वप्न'. नाव दिले की आपण त्या चित्राच्या बाहेर येतो.

२. हे चित्र कुशल आहे की अकुशल, हे स्वतःला विचारावे. त्याने मला आणि इतरांना त्रास होतो का, ही द्वेधावितक्क सुत्तातील कसोटी आहे.

३. अकुशल चित्र हटत नसेल तर त्याच्या जागी दुसरे आणावे. वितक्कसंठान सुत्तात सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी बाहेर काढतो, तसे करायला सांगितले आहे. ज्याने अपमान केला त्याच्या चेहऱ्याऐवजी, ज्याने कठीण वेळी पाठीवर हात ठेवला त्याचा चेहरा आठवावा.

४. मग उद्याच्या एकाच कामाचे चित्र पाहावे, निकालाचे नाही. कुठे बसणार, किती वाजता, पुस्तक कोणते. अडचण काय येईल तेही पाहावे आणि तिचे उत्तर ठरवावे. 'फोन वाजला, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून येईन.' मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी 'असे झाले, तर तसे करीन' अशा नेमक्या संकल्पांचा अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा ते अधिक पाळले जातात.

५. डोळे उघडल्यावर त्या कामातील एक लहान भाग लगेच करावा. वही काढून ठेवणे, एक फोन करणे, एवढेही चालेल.

काही सावधगिरी

सर्वांच्या मनात चित्रे उमटतातच असे नाही. काही माणसांना डोळे मिटल्यावर आईचा चेहराही दिसत नाही. अ‍ॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला 'अफँटेसिया' हे नाव दिले. हा आजार नव्हे आणि साधनेतले अपयशही नव्हे. अशा व्यक्तींनी शब्द, श्वास किंवा शरीरातील संवेदना यांचा आधार घ्यावा.

कल्पना आठवणीतही मिसळते. लहानपणी न घडलेला प्रसंग वारंवार कल्पून पाहिला तर तो घडला असावा असे वाटू लागते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणून ध्यानात दिसलेले चित्र हा कशाचाही पुरावा मानू नये. मागच्या जन्माचा तर नाहीच नाही.

मोठा आघात, अत्याचार किंवा खोल नैराश्य यातून जाणाऱ्या व्यक्तीला एकट्याने डोळे मिटून बसणे कधीकधी अधिक त्रासाचे ठरते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

थोडक्यात

मनातले चित्र शरीराला हलवते, मनःस्थिती घडवते आणि वागण्याला दिशा देते. पण ते एकटे काहीच मिळवून देत नाही. एखादे चित्र पाहून झाल्यावर दोनच गोष्टी तपासाव्यात : माझ्या मनातला द्वेष कमी झाला का, आणि मी उठून कामाला लागलो का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर ती भावना, म्हणजे लागवड. 'नाही' असेल तर तो पपंच, मग तो कितीही गोड असो आणि त्याची फी कितीही मोठी असो.